विल्मा हार्कसची बुधवारची सभा

विल्मा हार्कसचा चेहरा कर्कवॉल या बेटांच्या बंदराच्या शहरात फारसा कुणाला माहीत नव्हता, पण तिचा आवाज सगळ्या बेटांना पाठ होता. एकतीस वर्षं ती बंदराच्या रेडिओवर होती. उत्तरेकडच्या बेटांवरून निघालेली प्रत्येक बोट, मग ती माणसांची असो, गुरांची असो की खेकड्यांच्या पिंजऱ्यांची, आधी विल्माशी बोलायची आणि मगच धक्क्याकडे वळायची. एकदा बेकरीच्या रांगेत उभी राहून ती जवाचे बॅनक, म्हणजे जाड भाकऱ्या, मागत होती, तेव्हा पुढचा दाढीवाला खलाशी गर्रकन वळला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही म्हणजे बंदर ना?" तिने हो म्हटल्यावर त्याने टोपी काढली आणि रांगेतली आपली जागा तिला दिली.

साठी उलटल्यावर ती निवृत्त झाली आणि नवऱ्याबरोबर, सिग्गीबरोबर, ईडे बेटावर माहेरच्या घरात राहायला आली. सिग्गी जन्मभर शेवंडं पकडणारा माणूस. दिवसाला वीसेक वाक्यं बोलला की त्याचा कोटा संपायचा. विल्माला वाटलं होतं, आता शांतपणे वांगीबिंगी लावावीत काचघरात, लोकर विणावी. पण बेटावर रिकामा माणूस फार दिवस रिकामा राहत नाही. दुसऱ्याच महिन्यात तिला मुक्कामघराच्या विश्वस्त मंडळावर घेतलं गेलं, आणि हस्ताक्षर चांगलं म्हणून चिटणीसपदही गळ्यात पडलं.

मुक्कामघर म्हणजे कर्कवॉलमधल्या दवाखान्यामागच्या गल्लीतलं चार खोल्यांचं जुनं दगडी घर. बेटावरचं माणूस दवाखान्यात दाखल झालं की घरच्यांनी राहायचं कुठे, हा प्रश्न. परतीची बोट त्या दिवशी असतेच असं नाही, आणि वारा सुटला तर चार-चार दिवस नसते. अशांसाठी ते घर होतं. बेटांवर असं कुटुंब सापडणं कठीण, ज्यातलं कुणीच त्या घरातल्या पलंगावर जागं पडून राहिलेलं नाही. विल्माची आईसुद्धा तिथे राहून गेली होती.

मंडळात सहा विश्वस्त होते. अध्यक्ष एर्लेंड ड्रेव्हर, निवृत्त मुख्याध्यापक, एकटे तेवढे शहरातले. बाकीचे पाच जण पाच बेटांवर. वेस्ट्रेला आयव्हर रेंडल हा गुरांचा डॉक्टर, स्ट्रॉन्से बेटावर दुकान चालवणारी मॉरा फ्लेट, सँडेचा शेतकरी डेव्ही सीटर, आणि सगळ्यात लांब, नॉर्थ रोनाल्डसेवर, बेला स्वॉनी. ईडेची विल्मा. पूर्वी ही मंडळी वर्षातून चारदा शहरात भेटायची, म्हणजे भेटायचं ठरवायची. दर वेळी कुणाची तरी बोट रद्द व्हायची आणि कोरम भरायचा नाही. म्हणून गेली तीन वर्षं सभा स्क्रीनवर चालली होती.

विल्माची पहिली सभा नोव्हेंबरातली. संध्याकाळी सहाला ती लॅपटॉपसमोर वही उघडून बसली आणि सव्वानऊला उठली तेव्हा तिची मान धरली होती. ड्रेव्हर सरांनी सुरुवातीलाच तिमाही अहवाल वाचायला घेतला. अकरा पानं. सर सुरेख वाचायचे, स्वल्पविरामसुद्धा ऐकू यायचे, पण पन्नास मिनिटं वाचत होते. डेव्हीचा चेहरा दिसतच नव्हता, स्क्रीनवर त्याच्या स्वयंपाकघराचं छत आणि कपाळाची एक पट्टी एवढंच होतं. मॉराच्या दुकानाची घंटा वाजत होती आणि दर वेळी ती "आलेच हं" म्हणून गायब होत होती. आयव्हरचा चेहरा मात्र अगदी स्थिर, हसरा आणि लक्ष देऊन ऐकणारा. बेला दोनदा बोलायला गेली आणि दोन्ही वेळा तिचं चित्र तोंड उघडं असतानाच थिजलं.

शेवटी, सगळे पेंगुळल्यावर, मुख्य विषय निघाला. शहराबाहेरच्या नव्या वस्तीत दुप्पट मोठी इमारत मिळत होती. आपलं जुनं घर द्यायचं आणि ती घ्यायची. सरांनी तिचे फायदे सांगितले. मग दोघं-तिघं एकदम बोलायला लागले, आवाज एकमेकांत अडकले, कुणाचा तरी कुत्रा भुंकला, आणि सर म्हणाले, "मग हरकत कुणाची नाही, असं समजतो." कुणी काही बोललं नाही. सर म्हणाले, "मंजूर. एकमताने."

दुसऱ्या दिवशी सकाळी विल्मा इतिवृत्त लिहायला बसली आणि 'एकमताने' या शब्दापाशी येऊन थांबली. बंदरावर एक नियम होता. जे स्वतःच्या कानांनी ऐकलं तेच नोंदवहीत लिहायचं. कप्तान येतो म्हणाला असेल असं वाटणं वेगळं, आणि त्याने येतो म्हणणं वेगळं. रात्री ऐकलेलं तिने आठवून पाहिलं. 'मंजूर' असं एकाच माणसाने म्हटलं होतं, आणि ते अध्यक्ष होते.

तिने एकेकाला फोन लावला.

आयव्हर आधी चाचरला. मग कबूल झाला की साडेसातला एका गायीचं अडलं म्हणून बोलावणं आलं होतं, तेव्हा त्याने कॅमेऱ्यासमोर स्वतःचा फोटो लावून ठेवला आणि तो निघून गेला. म्हणजे ती सबंध संध्याकाळ विल्मा ज्याला मनातल्या मनात शाबासकी देत होती तो फोटो होता. मॉरा म्हणाली, मतदान झालं तेव्हा ती एका गिऱ्हाइकाला लोणी शोधून देत होती, आणि कशावर मतदान झालं हे तिला जरा सांगाल का. डेव्हीची समजूत अशी की गाडी उभी करायच्या जागेबद्दल काहीतरी ठरलंय आणि ते बरंच झालं.

बेलाने फोन उचलला तेव्हा ती बांधावर होती. तिकडे सबंध बेटाभोवती समुद्रकाठाने दगडी बांध आहे, मेंढ्या बाहेर किनाऱ्यावर राहाव्यात म्हणून, आणि तो सदानकदा कुठेतरी ढासळलेला असतो. विल्माने विचारलं, काल तुम्ही काय म्हणत होतात?

"नाही म्हणत होते," बेला म्हणाली. "वीस मिनिटं म्हणत होते. कुणी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं, तुम्ही सगळ्यांनी आधीच ठरवलंय, उगाच म्हातारीच्या तोंडी कशाला लागा म्हणून पुढे चाललात."

विल्माने फोन ठेवला. सिग्गी जाळं विणत होता. त्याने नुसतं वर पाहिलं.

"सहा माणसं," ती म्हणाली. "एक गायीपाशी, एक लोण्यापाशी, एकाला विषयच कळला नाही, एकीचा आवाज पोचला नाही आणि मी मान चोळत होते. आणि याला एकमत म्हणायचं."

"मग लिही तसंच," सिग्गी म्हणाला.

तसं लिहिणं काही शक्य नव्हतं, पण ड्रेव्हर सरांना फोन करणं भाग होतं. अकरा वर्षं त्यांनी ते घर सांभाळलं होतं. खिडकी गळाली की पहिला फोन त्यांना, एखाद्या घाबरलेल्या बाईला दवाखान्याचं दार सापडेना की छत्री घेऊन तेच निघायचे. त्यामुळे विल्माने शब्द फार तोलून वापरले. तरी सरांचा आवाज ताठ झाला.

"म्हणजे मी तुम्हाला खोटं लिहायला सांगतोय, असं तुमचं म्हणणं आहे का, मिसेस हार्कस?"

"नाही, सर. मी ऐकलेलं लिहिते. काल मी काही ऐकलंच नाही, एवढंच सांगतेय."

मग सर म्हणाले, त्यांना स्वतःला तर गेली तीन वर्षं भिंतीशी बोलल्यासारखंच वाटतंय. दर वेळी ते हरकत विचारतात, कुणी काही बोलत नाही, माणसाने करायचं काय. आणि शेवटी जरा घुश्शातच म्हणाले, "तुम्हाला जमत असेल तर पुढची सभा तुम्हीच चालवून दाखवा."

ते बोलण्याच्या भरात बोलून गेले होते. विल्मा म्हणाली, "चालवते." मग माघार घेणं दोघांनाही जमलं नाही. निर्णय पुढच्या सभेत पुन्हा मांडायचा, आणि तोवर इतिवृत्तात 'चर्चा अपूर्ण' असं लिहायचं ठरलं.

विल्माला खरं तर सभा चालवायचा काडीचा अनुभव नव्हता. पण एकाच वाहिनीवर दहा कप्तान, सगळे घाईत, एकमेकांना न दिसणारे, हे मात्र तिने एकतीस वर्षं पाहिलं होतं. दोघे एकदम बोलले की दोघांचंही ऐकू येत नाही. आधी नाव घ्यावं, मग बोलावं. थोडक्यात बोलावं. आणि समोरच्याने ऐकलेलं परत म्हणून दाखवल्याशिवाय ते ऐकलं असं धरू नये. स्क्रीनवर चित्र दिसतं म्हणून या सगळ्याची गरज उरत नाही, असा मंडळाचा समज झाला होता. तिच्या मते चित्रानेच सगळा घोटाळा केला होता. चेहरा दिसला की माणूस हजर आहे असं वाटतं.

तिने आधी वेळ बदलली. बुधवारी दुपारी दोन, कारण बुधवारी मॉराचं दुकान दुपारनंतर बंद असतं आणि आयव्हरचा दवाखानाही. सभा एक तासाची. मग तिने एका पानाचा कागद तयार केला. वरच मोठ्या अक्षरात लिहिलं, 'या सभेत एकच गोष्ट ठरवायची आहे: मुक्कामघर हलवायचं की नाही.' खाली दोन्ही बाजूंची कारणं. नव्या जागेची कारणं तिने सरांकडूनच मागून घेतली आणि एक शब्दही न बदलता घातली. हा कागद आठ दिवस आधी सगळ्यांकडे गेला, बेलाकडे टपालाच्या विमानाने.

मग प्रत्येकाशी दहा-दहा मिनिटांची तालीम झाली. डेव्हीचा लॅपटॉप बिस्किटांच्या डब्यावर चढवला तेव्हा त्याचा चेहरा दिसला, आणि विल्मा चकित झाली, कारण तिला तो म्हातारा वाटत होता आणि तो निघाला चाळिशीतला. बेलाला तिने सांगितलं, की चित्र थिजलं तर वाट पाहायची नाही, सरळ घरच्या फोनवरून विल्माला फोन करायचा. तो फोन विल्मा लॅपटॉपजवळ धरेल आणि बेलाला ऐकू येत नसेल तोवर सभा जागची हलणार नाही. बेलाने विचारलं, एका माणसासाठी सगळ्यांनी खोळंबायचं? विल्मा म्हणाली, बोट धक्क्याला लागेपर्यंत बंदर घरी जात नाही.

सगळ्यात अवघड होता तो अहवाल. विल्माने सरांना सांगितलं की तो वाचायचा नाही, आधी पाठवायचा, ज्याने त्याने घरी वाचायचा. सर म्हणाले, घरी कुणी वाचणार नाही. विल्मा म्हणाली, सभेतही कुणी ऐकत नव्हतं. फोन ठेवल्यावर तिला ते बोलल्याचं फार वाईट वाटलं. सिग्गी म्हणाला, खरं होतं ना. ती म्हणाली, म्हणूनच.

फेब्रुवारीतल्या त्या बुधवारी असा वारा सुटला होता की बेटांना जाणाऱ्या तिन्ही बोटी बांधून ठेवलेल्या होत्या आणि विल्माच्या खिडकीसमोरून कोंबड्यांच्या खुराड्याचं झाकण उडत गेलं. दोनला पाच कमी असताना तिने हजेरी घेतली. एकेकाचं नाव घेतलं, आणि 'हजर' म्हणणं पुरेसं नव्हतं, 'तुमचं ऐकू येतंय' असं म्हणायचं होतं. मॉरा हसायला लागली. आयव्हरला विल्माने सांगितलं, "जरा हात हलवून दाखव रे." त्याने दोन्ही हात हलवले आणि लाल झाला. मग सगळेच हसले, ड्रेव्हर सर सोडून.

पाच मिनिटांतच बेलाचं चित्र थिजलं. विल्मा म्हणाली, थांबा, आणि सगळे थांबले. फोन वाजला. तिने तो बशीला टेकवून लॅपटॉपपाशी ठेवला आणि विचारलं, बेलाबाई, शेवटचं काय ऐकलंत? तिथून पुढे सुरू झालं.

विल्माने एकेकाचं मत नाव घेऊन विचारायला सुरुवात केली. जे एरवी बोलत नसत त्यांना आधी आणि अध्यक्षांना सगळ्यांत शेवटी, कारण सर एकदा बोलले की बाकीचे त्यांच्या विद्यार्थ्यांसारखे गप्प होत. निम्मे खरोखरच त्यांचे विद्यार्थी होते.

पहिलं नाव बेलाचं. फोनमधून तिच्या घराच्या कौलांवरचा वारा ऐकू येत होता.

"आमचे टॉमस सहा आठवडे दवाखान्यात होते," ती म्हणाली. "मी त्या घरातल्या मागच्या खोलीत. दवाखान्यातून फोन आला की मी घरातल्या चपलांवरच निघायची. चार मिनिटं लागायची, मी मोजली होती. नव्या जागेवरून गाडी बोलवावी लागेल. मी साठ वर्षं या बेटावर काढली, गाडी कुणाला सांगून बोलवतात ते मला आजही ठाऊक नाही. शेवटचा फोन आला तेव्हा मी चार मिनिटांत पोचले. ते होते अजून. एवढंच सांगायचंय."

विल्माने वहीत लिहिलं आणि मोठ्याने परत वाचलं, "बेला स्वॉनी. हलवू नये. दवाखाना चार मिनिटांवर असला पाहिजे. बरोबर?" बेला म्हणाली, बरोबर.

मॉराने बेलाला दुजोरा दिला. आयव्हर म्हणाला, पटतं, पण मागच्या वर्षी त्याच्या बहिणीला खोली मिळाली नव्हती त्याचं काय. मग डेव्हीचं नाव आलं. तीन वर्षांत डेव्ही सभेत 'नमस्कार' आणि 'येतो' यापलीकडे काही बोललेला नव्हता. त्याने घसा साफ केला. तो म्हणाला की त्या घरामागे परसात होड्या बांधायच्या कामाचं जुनं दगडी कोठार आहे, ज्यात सध्या मोडक्या खुर्च्या ठेवल्यात. भिंती दोन फूट जाड, छप्पर ठीक. त्याच्या चुलत्याने तसल्याच गोठ्याच्या खोल्या केल्या होत्या. त्यात तळमजल्यावर तीन खोल्या आरामात निघतील, जिनाही चढायला नको.

"हे आधी का नाही बोललास?" मॉराने विचारलं.

"कुणी विचारलं नाही," डेव्ही म्हणाला. त्यात तक्रार नव्हती.

आता सरांचं नाव. सर चष्मा पुसत होते, आणि बराच वेळ पुसत राहिले.

"गेल्या वर्षी मी सतरा कुटुंबांना खोली नाही म्हणून सांगितलं," ते म्हणाले. "दारात उभं राहून. म्हणून मला ती मोठी इमारत हवी होती. मला त्या दगडांचं प्रेम नाही असं नाही. ते कोठार तर माझ्या रोजच्या जाण्यायेण्यात आहे, डेव्ही. त्या खुर्च्यासुद्धा मीच तिथे टाकल्यात." त्यांनी चष्मा चढवला. "तीन खोल्या म्हणालास ना?"

डेव्ही म्हणाला, तीन, आणि एक न्हाणीघर.

"मग मी माझा प्रस्ताव मागे घेतो. लिहा, मिसेस हार्कस. आणि वाचून दाखवा."

विल्माने ठराव लिहिला, वाचून दाखवला, आणि सहाही जणांकडून नाव घेऊन हो म्हणवून घेतलं. आयव्हर आणि डेव्ही कोठार पाहून येतील, तारीखही तिथल्या तिथे ठरली. घड्याळात दोन वाजून अठ्ठावन्न मिनिटं झाली होती. तिने सभा संपल्याचं जाहीर केलं आणि सांगितलं, की ज्यांना घाई नाही त्यांनी चहा घेऊन बसावं, आता कुणीही कितीही बोला, वहीत काही जाणार नाही.

कुणी उठलं नाही. मॉराने केक आणला आणि कॅमेऱ्यासमोर धरून सगळ्यांना जळवलं. अखेर ड्रेव्हर सरांनी, कुणालाच उद्देशून नाही अशा बेताने, विचारलं की अहवाल कुणाच्या वाचनात आला का.

"सातव्या पानावर तुम्ही तो घोड्याच्या शर्यतीचा फोटो कुठल्या खोलीत लावलाय म्हणालात?" मॉराने विचारलं. "त्यात माझे आजोबा आहेत. मी दुकानात गल्ल्यावर बसून दोनदा वाचला. इतकं छान लिहिता सर तुम्ही, आणि आजवर मला घंटेच्या पुढे एक अक्षर ऐकू आलं नव्हतं."

बेलाने फोनमधून सांगितलं की तिनेही वाचला, आणि नवव्या पानावर बेटाचं नाव चुकलंय. सर एकदम उजळले. चूक कुठे, कशी, ती त्यांनी पेन्सिल घेऊन लिहून घेतली. मग त्या फोटोची गोष्ट सुरू झाली ती साडेतीनपर्यंत चालली, आणि या वेळी कुणाचंही लक्ष दुसरीकडे नव्हतं. सिग्गी चहाचा कप घेऊन विल्माच्या मागे येऊन उभा राहिला होता. शेवटी त्याने खुर्चीच ओढून घेतली आणि आपल्या त्या दिवसाच्या वाक्यांतली निम्मी तिथे खर्च केली.

पुढे सगळ्या सभा बुधवारीच झाल्या. सरांनी अध्यक्षपद सोडलं नाही, विल्मानेही मागितलं नाही. घराचं सगळं ते पाहत, आणि सभा सुरू झाली की म्हणत, "मिसेस हार्कस, तुमच्या हवाली." पुढे मिसेस हार्कसची विल्मा झाली. दुसऱ्या दोन-तीन संस्थांना ही गोष्ट कळली, तेव्हा त्यांनी विल्माला बोलावून घेतलं, की आम्हालाही शिकवा. ती जायची आणि अर्ध्या तासात सांगून संपवायची. लोकांना वाटायचं, एवढंच? ती म्हणायची, एवढंच, पण दर वेळी.

जून महिन्यात परसातल्या तीन खोल्या तयार झाल्या, आणि समुद्र काचेसारखा सपाट असल्यामुळे साडेतीन वर्षांत पहिल्यांदा सहाही विश्वस्त प्रत्यक्ष एका टेबलाभोवती बसले. रंगाचा वास अजून येत होता. बेला दारातून वाकून आत आली आणि सगळे बघतच राहिले. ती सहा फुटांच्या वर उंच होती. स्क्रीनवर तिचे फक्त खांदे आणि चेहरा दिसायचा, आणि इतक्या दिवसांत, पूर्वी तिला पाहिलेल्यांच्या डोक्यातसुद्धा, एक चिमुकली म्हातारी बसली होती.

"काय पाहताय?" बेला म्हणाली. "बांध चढायला उंची लागते."

मग सगळे बसले. कुणी सुरुवात करेना. डेव्ही टेबलाकडे पाहत होता, आयव्हर सरांकडे, सर विल्माकडे. एकमेकांच्या इतकं जवळ बसून बोलायची सवयच मोडली होती. तेवढ्यात मॉराने पिशवीतून केक काढला, या वेळी खरा, आणि बेलासमोर सुरी ठेवली. बेलाने सहा तुकडे केले, अंमळ वाकडेतिकडे, आणि सगळ्यात मोठा ड्रेव्हर सरांच्या पुढे सरकवला.